झाकणाखालचा वास

सेवास्तीचं नाक म्हणजे काय नाक होतं! ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातल्या त्या इस्पितळात डॉक्टर येत-जात, यंत्रं बदलत, पण जंतूंच्या प्रयोगशाळेत घोडं अडलं की सगळे शेवटी तिच्या नाकापाशी येत.

तिथली सकाळ बशांनी सुरू व्हायची. कुणाच्या घशातली, कुणाच्या गळवातली, कुणाच्या लघवीतली घाण आदल्या दिवशी प्लॅस्टिकच्या बशांमध्ये, रक्त घातलेल्या लाल जेलीवर पसरून उबेला ठेवलेली असायची. ती उगवून यायची. कुठे बारीक ठिपके, कुठे शेंबडासारखा थर. मग चाचण्या लावायच्या, यंत्राला विचारायचं आणि कुठला जंतू, कुठलं औषध, ते वॉर्डाला कळवायचं. सेवास्ती झाकण बोटभर उचलायची आणि यंत्राच्या आधी सांगून मोकळी व्हायची. द्राक्षाच्या सरबताचा गोडसर वास आला तर हिरव्या पुवाचा जंतू. जळक्या चॉकलेट केकचा आला तर लाटालाटांनी बशीभर पसरणारा. घोड्याच्या पागेचा आला तर वॉर्डातल्या म्हाताऱ्यांची हगवणीने वाट लागणार, हे नक्की.

भिंतीवर पाटी होती, 'बशा हुंगू नयेत'. बरोबरच होतं ते. बशी हुंगणं म्हणजे चोराला दार उघडून 'या, बसा' म्हणणं. पाटी सेवास्तीनेच लावली होती, कारण सुरक्षेची जबाबदारीही तिच्याचकडे होती.

"मी सांगते तसं करा, मी करते तसं नको," असं ती नव्या लोकांना सांगायची. सगळे हसायचे, आणि सगळे हुंगायचे.

तिचं एक ठाम मत होतं. घाण वाटते म्हणून माणूस जगतो. नासलेलं मटण तोंडाशी जाण्याआधी नाक मुरडतं. ते मुरडलं नाही तर मग पोट, रक्त, ताप, सलाइन, सगळं पुढचं रामायण. "औषधं नंतर," ती म्हणायची, "पहिला पहारेकरी शिसारी."

पावसाळ्यात डार्विनच्या चिखलात अनवाणी जाऊ नये, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चिखलातले जंतू खरचटलेल्या जागेतून आत शिरतात आणि धडधाकट माणसाला आडवं करतात. दर पावसाळ्यात रेडिओवर ओरडून सांगतात. सेवास्तीचा नवरा पान्तेलिस फरशा बसवायचा, त्याला मधुमेह होता, आणि तो अनवाणीच हिंडायचा. बायको जंतूंच्या खात्यात, आणि हा असा!

"माझा बाप तिकडे ग्रीसला, कालिम्नोस बेटावर, स्पंज काढायला समुद्राच्या तळाशी नागडा जायचा," तो म्हणायचा, "आणि मी अंगणात जायला बूट घालू होय गं?"

खिळा कधी लागला ते त्याला कळलंच नाही. मधुमेही पायाला दुखणं कळत नाही. बायको ओरडेल म्हणून त्याने मोजा चढवला आणि तो दिवसचे दिवस काढलाच नाही. शेवटी थंडी वाजून दात वाजायला लागले तेव्हा तिने त्याला पलंगावर पाडलं आणि मोजा ओढला. मोज्याबरोबर कातडीही आली.

तळव्याला अंड्याएवढं भोक पडलं होतं. कडा राखाडी, शिजवलेल्या कालवासारख्या मऊ, आणि आतून तपकिरी पाणी झिरपत होतं. मोज्याच्या टोकाला चिकटून आलेला थर तिच्या बोटांना लागला, आणि तो वास! माळ्यावर उंदीर मरावा आणि वर आठवडाभर ऊन तापावं, तसा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घाणीत हात घालणारी बाई, पण ती न्हाणीघरात धावली आणि भडाभडा ओकली. तोंड पुसून बाहेर आली ती शिव्या देतच.

"गाढवा! बूट नको, मोजा चालतो?"

"ओरडू नकोस गं," तो कण्हत म्हणाला. "आईला ऐकू जाईल."

शेजारच्या खोलीतून त्याची आई, म्हातारी थेमेलिना, आधीच बाहेर आली होती आणि छातीवर क्रूस काढत होती.

आपल्या माणसाचा नमुना आपण बघायचा नाही, हाही प्रयोगशाळेचा एक नियम. म्हणून पान्तेलिसला इस्पितळात भरती केल्यावर त्याच्या पायातली घाण मारिसेलने बशीवर घातली. मारिसेल मूळची फिलिपिन्सची, गप्पिष्ट, चटपटीत, सेवास्तीच्या हाताखाली तयार झालेली.

"तू त्या टोकाला बस," तिने दरडावलं होतं. "तुझ्या नवऱ्याचा चिखल मी निपटते."

दुसऱ्या दिवशी सेवास्तीने मान वर केली तर मारिसेल बशीचं झाकण उघडून उभी होती. यंत्रं घुरघुरत होती, फोन वाजत होता, आणि ही आपली उभी. डोळे मिटलेले, नाक बशीत जवळजवळ टेकलेलं.

"मारिसेल! अगं, केवढं जवळ!"

मारिसेलने डोळे उघडले. ते भरून आले होते आणि ती हसत होती.

"बाबांचा शर्ट," ती म्हणाली.

"काय?"

"बाबांच्या शर्टाचा वास येतोय. खोबरेल, सुकट आणि तो त्यांचा स्वस्तातला साबण. त्यांच्या मातीलाही जायला मिळालं नाही गं मला. तू बघ ना हुंगून."

नियम होता, तरी सेवास्ती उठली. लाल जेलीवर पिवळट, सुरकुतलेली साय धरली होती. मारिसेलने तिला तारेचं टोक लावलं तर ती भेंडीसारखी तार देत वर आली आणि तुटता तुटेना. सेवास्तीने सवयीने झाकण कलतं धरून हलकेच श्वास घेतला.

आधी तोच मेलेला उंदीर. नाक आक्रसलं. आणि मग त्याच्या खालून, गालिचा उचलावा तसा, दुसरा वास वर आला. आंबूस दूध. कोवळा घाम. टाळूवरच्या जावळाचा.

तिच्या हातातून झाकण पडलं.

पान्तेलिस आणि तिला एक मुलगी झाली होती. आजीचं नाव नातीला, या रिवाजाप्रमाणे तिचंही नाव थेमेलिना ठेवायचं ठरलं होतं. दोन महिनेही पुरे झाले नाहीत. ताप आला आणि ती गेली. त्यानंतर पाळणा हलला नाही, आणि त्या घरात कुणी तो विषय काढत नसे.

"तुला काय आलं?" मारिसेलने विचारलं.

"सडलेलं," सेवास्ती म्हणाली. "झाकण लाव. लाव म्हणते ना!"

यंत्राला जंतू ओळखू आला नाही. चिखलातला तो नेहमीचा नव्हता, दुसराही कुठला नव्हता. औषधांच्या चकत्या ठेवलेल्या बशीत सकाळी प्रत्येक चकतीभोवती छान स्वच्छ वर्तुळं दिसली, म्हणजे औषधाने जंतू मरत होता. सगळ्यांच्या जिवात जीव आला आणि वॉर्डात औषध सुरू झालं. जेवणाच्या सुट्टीनंतर वर्तुळं बुजली होती. चकत्यांवर साय चढली होती. दुसरी औषधं लावली, तिसरी लावली. तेच.

आणि मारिसेल बशा ठेवायच्या उबेच्या कपाटापाशी घुटमळत राहिली. एकदा सेवास्तीने तिला डबा तिथेच उघडून बसलेलं पाहिलं, प्रयोगशाळेत, जिथे पाणीसुद्धा प्यायला बंदी. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात बशी. भाताचा घास घ्यायची, बशी हुंगायची, पुन्हा घास घ्यायची, लोणचं लावून खावं तसं.

"शी! मारिसेल, अक्कल गहाण ठेवलीस का?"

मारिसेलने मान वळवली. तिच्या नाकपुडीखाली, वरच्या ओठाच्या खळग्यात, ओलसर राखाडी चट्टा उठला होता. तिने त्यावरून जीभ फिरवली.

"एवढं काय त्यात," ती शांतपणे म्हणाली. "घरचंच आहे."

सेवास्तीने तिच्या हातातून बशी हिसकावली, तिला तशीच तपासणीला पाठवलं आणि वॉर्डाकडे धावली.

डॉ. हॅली दारातच भेटली. उंच, रुक्ष बाई, पण शस्त्रक्रियेत हात सोन्याचा.

"बरं झालं आलात. गुडघ्याखालून पाय काढायचा, आज दुपारीच. ताप उतरत नाही, रक्तात विष भिनतंय. आज नाही काढला तर उद्या काढायला माणूस उरणार नाही. पण तुमचे मिस्टर सही करत नाहीयेत."

"घाबरला असेल."

"घाबरलेले नाहीत," डॉक्टर म्हणाली. "तेच तर मला समजत नाहीये." ती दारापासून जरा लांबच उभी होती, हे सेवास्तीच्या लक्षात आलं. "आणि तिथल्या नर्सेसना पाय सारखा उघडून बघायची काय हौस आहे कळत नाही. मीसुद्धा काल उगाचच दोनदा गेले."

खोलीत दुपारचं ऊन पडलं होतं. सासू पलंगाच्या पायथ्याशी खुर्चीत बसली होती, नव्हे, वाकली होती. पायाची पट्टी सुटून जमिनीवर लोळत होती. म्हातारीचा चेहरा लेकाच्या तळव्यापासून वीतभर अंतरावर. काळा रुमाल मागे सरकलेला, तोंड किंचित उघडं. पायातून तपकिरी थेंब चादरीवर पडत होता आणि तिच्या बाहीवरही पडला होता.

"आई! काय करताय?"

"हळू बोल, पोरी," म्हातारी म्हणाली. "स्पंज वाळत घातलेत. धक्क्यावर. त्यांची होडी आली."

तिचा नवरा कालिम्नोसच्या समुद्रात बुडाला त्याला उभा जन्म लोटला होता. वाळणाऱ्या स्पंजांची दुर्गंधी इतकी भयंकर की बेटावर परका माणूस नाक धरून पळतो, हे तिनेच हसून सांगितलेलं. आता ती गुलाब हुंगावा तशी हुंगत होती.

सेवास्तीने तिला खांद्याला धरून उठवलं आणि दाराबाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. म्हातारी चिपाडासारखी हलकी लागली, पण मान तिची मागेच वळत होती.

पान्तेलिस उशीला टेकून बसला होता. गाल बसलेले, ओठ फुटलेले, अंग तव्यासारखं तापलेलं. आणि चेहऱ्यावर समाधान! त्याने दोन्ही हातांनी मांडी धरून पाय जवळ ओढला होता, बाळाला मांडीवर घ्यावं तसा.

"सही कर," ती म्हणाली.

"तुला येतोय ना?"

"काय?"

"खोटं बोलू नकोस, सेवास्ती. तुझ्या नाकाला आधी येणार. तिच्या टाळूचा."

तो वास खोलीभर होता. तिने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली, आणि तो जिभेवर उतरला. दूध.

"तो सडका पाय आहे," ती म्हणाली. "त्यात पू आहे. जंतू आहेत. मी डोळ्यांनी बघितलेत."

"असतील. पण मी मागितलं नव्हतं. ती आपणहून आलीये." त्याने मांडीवर हात फिरवला. "एकदा पुरली आपण तिला. परत कापून जाळायला देऊ?"

"मरशील रे!"

"मग तिच्याबरोबर मरेन. तूही ये इथे. बस. किती वर्षांनी येतोय..."

आणि सेवास्ती बसली. खरं सांगायचं तर बसलीच. पाय आपोआप वळले. चेहरा खाली झुकायला लागला. तळव्यातलं भोक आता मुठीएवढं झालं होतं आणि त्याच्या तळाशी हाडावर तीच पिवळट, सुरकुतलेली साय धरली होती. ती साय अगदी सावकाश हलत होती, खाली कुणी श्वास घेत असल्यासारखी. हे तिला स्पष्ट दिसत होतं. आणि तिला घाण वाटत नव्हती.

तिथेच ती दचकली. घाण वाटत नव्हती! पहारेकरीच फितूर झाला होता.

ती धडपडत उठली. नर्सच्या ट्रॉलीवर निलगिरीच्या तेलाची बाटली होती. घाणेरड्या जखमा धुताना नर्सेस मास्कला थेंब लावतात ती. तिने कापसाचे बोळे तेलात बुचकळले आणि आधी स्वतःच्या नाकात कोंबले. डोळ्यांतून पाणी आलं, कपाळ ठणकलं.

मग ती पलंगावर चढली, नवऱ्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि त्याच्याही नाकात बोळे कोंबले.

तो ओरडला, तिच्या हाताला चावला. तिने सोडलं नाही. एका हाताने त्याचं नाक-तोंड दाबलं आणि दुसऱ्या हाताने त्याची मान पायाकडे वळवली.

"बघ," ती म्हणाली. "नुसतं बघ."

त्याने बघितलं.

आधी त्याला काही कळलंच नाही. मग त्याचे डोळे विस्फारले. बोटं मांडीवरून सुटली. स्वतःच्याच पायापासून तो मागे मागे सरकू लागला, भिंत लागेपर्यंत. पाय अर्थातच बरोबरच आला.

मग त्याला उलटी झाली. छातीवर, चादरीवर, तिच्या हातांवर.

"काढा," तो किंचाळला. "शी शी शी, काढा ते! काढा!"

नाकातले बोळे तसेच ठेवून त्याने सही केली.

पाय कापला आणि परस्पर भट्टीत गेला. बाकावर बसून म्हातारी ऊर बडवत होती, "होडी बुडवलीत माझी, मेल्यांनो," म्हणत होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, वय झालंय.

संध्याकाळपर्यंत पान्तेलिसचा ताप उतरला.

बशा वाफेच्या भांड्यात घालून त्यांतले जंतू मारायचं काम सेवास्तीने दुसऱ्या कुणाला दिलं नाही. नाकात बोळे, दोन-दोन हातमोजे, दार बंद. एकेक बशी पिवळ्या पिशवीत टाकत गेली.

शेवटची हातात राहिली.

उद्यापासून तो वास जगात कुठेच नसणार होता.

तिने नाकातले बोळे काढले.

झाकण चिकटलं होतं. जोर लावताना त्याची कड तडकली. बोटाला काहीतरी बोचलं, पण तेव्हा तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने बशी पिशवीत टाकली, पिशवी बांधली, भांड्याचं झाकण फिरवून घट्ट केलं आणि वाफ सोडली. सगळं नियमाप्रमाणे झालं.

पान्तेलिस कुबड्या घेऊन घरी आला. खायला लागला, रेडिओशी भांडायला लागला. मारिसेलच्या ओठाचा तुकडा काढावा लागला. ती बरी झाली पण कामावर परतली नाही, वडिलांच्या गावी निघून गेली. म्हातारी गप्प असायची. हल्ली मात्र ती स्वयंपाकघरात सुनेच्या मागे मागे राहायला लागली होती, भाजी निवडायच्या निमित्ताने, अगदी खेटून.

सेवास्तीच्या उजव्या हाताच्या बोटाला पेराशी छोटीशी जखम होती. दुखत नव्हती. एकदा प्रयोगशाळेत दाखवायला हवी, हे तिला कळत होतं, रोज सकाळी कळत होतं. रोज ती नवी पट्टी लावायची, आणि लावण्याआधी जरा वेळ न्हाणीघराचं दार बंद करून बसायची.

रविवारी ती पान्तेलिसला घेऊन चर्चमध्ये गेली. ओळखीच्या बायका भेटल्या, नवऱ्याची चौकशी करत गालांना गाल लावू लागल्या. एक गाल, दुसरा गाल. मग जराशा थांबत होत्या, तिच्या मानेपाशी, डोळे मिटून.

"नवीन अत्तर का गं?" एकीने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा जवळ आली.

इरिनी नावाची कोवळी आई बाळाला चाळीस दिवस झाले म्हणून रिवाजाप्रमाणे पाद्र्यांचा आशीर्वाद घ्यायला आली होती. पांढऱ्या शालीतली मुलगी रडून लालबुंद झाली होती. इरिनी तिला थोपटून थोपटून रडकुंडीला आली होती. सेवास्ती शेजारून गेली आणि बाळ एकदम गप्प झालं. त्याने मान वळवली. डोळे अजून नीट दिसतही नसतील, पण ते ओठ पुढे काढून हवेत शोधू लागलं.

"अगंबाई, काकू, तुमच्याकडे बघून थांबली!" इरिनी हरखून म्हणाली. "घ्या ना जरा. घ्या."

सेवास्तीने हात पुढे केले. बाळाने तोंड वळवलं, तिचं तेच बोट शोधलं आणि चोखायला लागलं. सुरुवातीला हळूहळू, मग डोळे मिटून, भुकेल्यासारखं.

"बघा तरी लबाडी," इरिनी हसत म्हणाली आणि जवळ येऊन वाकली.

ओली पट्टी सुटून शालीवर पडली. सेवास्तीने बोट तसंच राहू दिलं.